इंग्रजीचे अध्ययन आणि अध्यापकाची पूर्वतयारी : काशीद-कोर्लई किनाऱ्याच्या संदर्भात

विद्यापीठात इंग्रजी हा विषय घेऊन पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पुढे अध्यापनाचा व्यवसाय पत्करतात. विद्यापीठात त्यांनी जे अभ्यासिलेले असते ते मुख्यतः वाङ्मय असते. शाळेत त्यांना जे शिकवावयाचे असते ती मुख्यतः भाषा असते. हे अंतर भरून काढण्याचे काम अध्यापक महाविद्यालयाचे, असे सामान्यतः समजले जाते. परंतु बी. एड. चा अभ्यासक्रम अध्यापनपद्धतीवर भर देतो आणि विषयज्ञान गृहीत धरतो, एम. ए. चा अभ्यासक्रम विषयज्ञान देतो, पण ते ज्ञान पुढे कोणत्या भाषेत वाढलेल्या मुलांसमोर न्यावयाचे आहे याचा विचार सहसा करीत नाही. परिणामी एक आवश्यक ज्ञान या दोहोंच्या मधून निसटून जाते. विद्यार्थ्याच्या मातृभाषेच्या रचनेचे शास्त्रशुद्ध ज्ञान हेच ते होय. त्याच्यावाचून इंग्रजीचे अध्यापन का अपुरे राहते, हे रायगड जिल्ह्यातील काशीद आणि त्याच्या उत्तरेस असलेले कोर्लई या दोन गावांच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

अलिबागहून चौल, रेवदंडा, कोर्लई, बोर्ली, काशीद या क्रमाने मुरूडकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मोठा संपन्न आहे. या पट्ट्यात आगरी आणि कोळी समाजांच्या बोली नांदतात, कोकणी मुसलमानांची बोली ऐकू येते, आणि शाळेत ग्रंथिक मराठी शिकविली जाते. घरी ‘पानी’ म्हणणारे मूल शाळेत ‘पाणी’ लिहावयास शिकते, म्हणजे इंग्रजीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याने भाषेचे एक स्थित्यंतर पार केलेले असते. पर्यटनामुळे काशीदच्या मुलांच्या कानांवर बाहेरगावच्या पाहुण्यांचे इंग्रजी शब्द बरेच पडतात. पण खोलीचे भाडे सांगण्यापुरते इंग्रजी आणि उच्च शिक्षणास पुरेसे इंग्रजी यांत फार अंतर आहे. ते अंतर पार करून देण्याची जबाबदारी शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकावर येते.

याच रस्त्यावरील कोर्लई हे गाव भाषाशास्त्राच्या जगात प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीजांनी चौल येथे आपले ठाणे वसविले, आणि त्यांच्या सहवासातून तेथील ख्रिस्ती समाजात पोर्तुगीज शब्दसंग्रहावर आधारलेली एक नवी बोली निर्माण झाली. भाषाशास्त्रज्ञ अशा भाषेस क्रिओल म्हणतात. सन १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा प्रदेश सोडला. कोर्लई येथील समाजाने मात्र ती बोली आपली म्हणून जपली; तिला तो समाज ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतो. जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स या अमेरिकन अभ्यासकाने या बोलीचा दीर्घकाळ अभ्यास करून सन १९९६ मध्ये तिच्या घडणीवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

क्लेमेन्ट्स यांच्या अभ्यासातील दोन निष्कर्ष इंग्रजीच्या अध्यापकाने विशेष ध्यानात घेण्यासारखे आहेत. पोर्तुगीज भाषेत, इंग्रजीप्रमाणेच, क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते हळूहळू वाक्याच्या अखेरीकडे, म्हणजे मराठीत जेथे असते तेथे, सरकत गेले. दुसरे असे की, मराठी धातू स्वीकारताना या बोलीने त्यांच्यासाठी एक स्वतंत्र क्रियापदवर्गच निर्माण केला. शब्दसंग्रह बव्हंशी युरोपीय राहिला, पण वाक्याची ठेवण शेजारच्या मराठीच्या वळणावर गेली. सभोवती अष्टौप्रहर बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या रचनेत केवढे सामर्थ्य असते, याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होय.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. कोर्लईची बोली म्हणजे बिघडलेली पोर्तुगीज नव्हे. ती स्वतःचे नियम असलेली, एका समाजाची पूर्ण भाषा आहे. शाळकरी विद्यार्थ्याचे अपुरे इंग्रजी ही तशी भाषा नव्हे. ते एका प्रमाण भाषेकडे चाललेल्या वाटेवरील टप्पा आहे. तथापि दोन्ही ठिकाणी काम करणारी शक्ती एकच आहे. मराठीच्या ज्या ओढीने कोर्लईच्या बोलीचा शब्दक्रम पालटला, तीच ओढ काशीदच्या विद्यार्थ्याच्या वहीत दररोज आपला ठसा उमटवीत असते. फरक इतकाच की, पहिल्या परिणामाचा ग्रंथ होतो आणि दुसऱ्याखाली तांबडी रेघ ओढली जाते.

या ठशाचे स्वरूप काही उदाहरणांनी पाहता येईल. शब्दक्रमातील ठळक चुका लवकर सुटतात, कारण त्या डोळ्यांना दिसतात. सूक्ष्म रचना मात्र पदवीपर्यंत पिच्छा सोडीत नाहीत. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. ‘की’ या अव्ययानंतर मूळ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याची मुभा मराठी देते. त्याच घडणीवर विद्यार्थी ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असे लिहितो. इंग्रजीच्या नियमानुसार आता येणारी व्यक्ती बदलली. ‘आय’ म्हणजे वाक्य सांगणारा. विद्यार्थ्याला इंग्रजीतील अप्रत्यक्ष कथनाचे नियम पाठ असतात, तरी ही चूक होते, कारण त्याच्या भाषेत या दोन कथनांमधील सीमा निराळ्या जागी आखलेली आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

‘हॅव’ या क्रियापदाची कथाही अशीच आहे. मराठीत ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’ आणि ‘त्या घराला तीन दारे आहेत’ या वाक्यांत नाते आणि अवयव यांसाठी एक रचना व मालकीसाठी दुसरी आहे, आणि क्रियापद सर्वत्र ‘असणे’ हेच आहे. इंग्रजी हे सारे एकाच क्रियापदाने व्यक्त करते. ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ एवढाच अर्थ सांगून थांबणारा शिक्षक या तिहींपैकी एकाच वाक्याची सोय करतो. उरलेल्या दोहोंसाठी विद्यार्थी स्वतःची वाट शोधतो आणि चुकतो.

प्रयोगाच्या बाबतीत तर शिक्षकाचाच गोंधळ होण्याचा संभव असतो. ‘मुलीने आंबा खाल्ला’ हा मराठी व्याकरणाप्रमाणे कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पुष्कळ शिक्षक कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीतील पॅसिव्ह व्हॉइस यांना एकच समजतात. वस्तुतः वरील वाक्याचा इंग्रजी अनुवाद साध्या ॲक्टिव्ह रचनेनेच होतो. त्यात कर्त्याला गौणत्व देण्याचा कोणताही हेतू नाही. ‘आंबा मुलीकडून खाल्ला गेला’ ही रचना पॅसिव्हशी जुळते, आणि मराठी व्याकरणकारांनी तिला ‘नवीन कर्मणी’ असे वेगळे नाव दिले ते तिचे इंग्रजीशी असलेले साम्य ओळखूनच. इंग्रजीच्या वर्गातील हा गोंधळ मराठी व्याकरणाच्या ज्ञानाने सुटतो.

मातृभाषेचा उपयोग केवळ चुकांची कारणे शोधण्यापुरता नाही. ती साधनही होऊ शकते. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ‘अ’ आणि ‘द’ यांतील भेद मराठी मुलांना कळत नाही, असे म्हटले जाते. पण ‘होडी आली’ आणि ‘एक होडी आली’ यांतील फरक किनाऱ्यावरील कोणत्याही मुलाला ठाऊक असतो. पहिल्या वाक्यातील होडीची वाट पाहिली जात होती. दुसऱ्यातील होडी अनोळखी आहे. निश्चित आणि अनिश्चित यांचा विवेक त्याच्या भाषेत आधीपासूनच आहे. शिक्षकाने तो दाखवून दिला की उपपदांचा अर्धा पाठ संपतो.

उच्चारांच्या बाबतीत या दिशेचे आरंभीचे महत्त्वाचे काम एका मराठी अभ्यासकानेच केले. अशोक केळकर यांनी मराठी भाषिकांच्या इंग्रजी उच्चारांचे भाषाशास्त्रीय विश्लेषण करणारा निबंध सन १९५७ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रॉबर्ट लाडो यांचा, मातृभाषा आणि लक्ष्यभाषा यांची तुलना हा अध्यापनाचा पाया मानणारा ग्रंथ अमेरिकेत प्रकाशित झाला आणि व्यतिरेकी विश्लेषण या शाखेस चालना मिळाली. पुढे या विचाराची मर्यादाही स्पष्ट झाली. पिट कॉर्डर यांनी सन १९६७ मध्ये, चूक ही विद्यार्थी भाषा कशी शिकत आहे याचा पुरावा असते, हा विचार मांडला. लॅरी सेलिंकर यांनी सन १९७२ मध्ये अंतरभाषेची कल्पना पुढे आणली. ‘गो’ चे भूतकाळी रूप ‘गोड’ असे करणारा विद्यार्थी मराठीच्या प्रभावाने चुकत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही तसेच करतात. तेथे नियमाचा अतिविस्तार होतो. म्हणून प्रत्येक चुकीचे खापर मराठीवर फोडणे हेही अशास्त्रीयच. कोणती चूक कोठून आली याचा निवाडा करता येणे, ही इंग्रजीच्या अध्यापकाची खरी पात्रता होय.

महाराष्ट्रातील इंग्रजीच्या अध्ययनाची परंपरा पाहता ही अपेक्षा परकी वाटू नये. सन १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यापासून येथील इंग्रजीचे उत्तम अभ्यासक दोन भाषांत काम करीत आले. आगरकरांनी सन १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’ चा ‘विकारविलसित’ हा अवतार सिद्ध केला. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘त्राटिका’ लिहिले. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे हे दोघेही इंग्रजीचे प्राध्यापक. शाळकरी पातळीवर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. भाषांतरपद्धतीचे दोष अनेक होते. बोलण्याचा सराव तिच्यात नव्हता. पण तिने दोन भाषा समोरासमोर ठेवल्या होत्या. प्रत्यक्ष पद्धती आणि नंतर रचनापद्धती यांचा पुरस्कार होताना मराठीला वर्गातून बाहेर ठेवण्याचा आग्रह वाढला, आणि त्या दोषांबरोबर तुलनेची सवयही सुटली.

दरम्यान इंग्रजीचा आरंभ मात्र अधिकाधिक लहान वयात होऊ लागला. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्यात तो आठव्या इयत्तेपर्यंत पुढे ढकलला गेला होता. नंतर महाराष्ट्रात तो पाचवीवर आला. आणि सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. जे मूल अद्याप घरच्या बोलीतून ग्रंथिक मराठीकडे वळत आहे, त्याच्यापुढे तिसरी भाषा आली. म्हणजे मातृभाषेचे भान ठेवून शिकविणाऱ्या शिक्षकाची निकड वाढली.

बी. एड. चा अभ्यासक्रम सन २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्या वाढीव कालावधीचा, आणि त्याआधीच्या एम. ए. चा, उपयोग तीन गोष्टींसाठी करता येण्याजोगा आहे. पहिली, इंग्रजीच्या विद्यार्थ्याने मराठी व्याकरणाचा निदान एक प्रमाणग्रंथ अभ्यासावा. मोरो केशव दामले यांचे सन १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आजही त्या कामी उपयोगी आहे. दुसरी, ध्वनिविचार केवळ इंग्रजीचा न शिकता दोन्ही भाषांचा एकत्र शिकावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, सरावपाठांच्या काळात भावी शिक्षकाने एका वर्गाच्या वह्या जमवून त्यांतील चुकांचे वर्गीकरण करावे : मराठी रचनेतून आलेल्या, नियमाच्या अतिविस्तारातून आलेल्या, आणि केवळ अनवधानाच्या. पाठटाचण उत्तम लिहिता येते पण अशी वही वाचता येत नाही, त्या शिक्षकाची तयारी अपुरी समजली पाहिजे.

संशोधक विद्यार्थ्यांसाठीही येथे भरपूर क्षेत्र आहे. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेल्या कोल्हापूर कॉर्पसने सन १९७८ मधील प्रकाशित भारतीय इंग्रजीचे सुमारे दहा लाख शब्द अभ्यासकांच्या हाती दिले. तो प्रौढ, मुद्रित इंग्रजीचा संग्रह होता. रेवदंडा ते मुरूड या पट्ट्यातील शाळकरी लेखनाचा असाच लहानसा संग्रह एका प्रबंधाच्या आवाक्यात बसण्यासारखा आहे. आणि आगरी, कोळी व कोकणी मुसलमान घरांतील मुलांच्या इंग्रजीत बोलीपरत्वे भेद दिसतो काय, हा प्रश्न त्यातून तपासता येईल.

या सर्व विवेचनाचे व्यावहारिक फलित काशीदसारख्या गावात ठरते. तेथील विद्यार्थी ‘ही सेड दॅट आय विल कम’ असे लिहितो तेव्हा तो एका भाषेचे व्याकरण अचूक जाणतो आणि ते दुसरीत नेतो. शिक्षकाने त्याला कच्चा ठरविले तर त्याचे पदवीकडे जाणारे दार बहुधा तेथेच लागते. त्याच्या चुकीमागील नियम ओळखून दाखविला तर तोच नियम इंग्रजीकडे नेणारी पायरी होतो. कोर्लईच्या बोलीला अभ्यासकांनी जो आदर दिला, त्याचा काही अंश काशीदच्या वहीलाही मिळावा, आणि तो देऊ शकणारा अध्यापक विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातूनच घडावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.