बायबल निवडताना...

ख्रिस्ती श्रद्धेकडे नव्याने वळलेल्या वाचकापुढे पहिला प्रश्न असतो, तो बायबल कोणते घ्यावे हा. मूळ ग्रंथ प्रामुख्याने हिब्रू व ग्रीक भाषांतला. आपल्या हाती येते ते भाषांतर. म्हणूनच निवड डोळसपणे करायला हवी.

प्रथम पुस्तकांची संख्या पाहावी. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६, तर कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात. आपल्या चर्चमध्ये वाचली जाणारी आवृत्ती जवळ असणे सोयीचे.

त्यानंतर भाषा. शब्दशः भाषांतर मुळाच्या जवळ राहते, पण वाचताना जड जाते. भावार्थाला धरून केलेले भाषांतर सुगम असते, मात्र त्यात अनुवादकाने लावलेला अर्थही मिसळतो. सामान्य स्त्रियांनाही समजावे, म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या या कामात गढलेल्या होत्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' याच वाटेवरचे.

मोबाइलवरील 'यूव्हर्जन' या मोफत अ‍ॅपवर मराठी भाषांतरे वाचता येतात. मूळ शब्दांचा शोध घ्यायचा असल्यास 'ब्लू लेटर बायबल' उपयोगी पडते. मात्र त्यासाठी इंग्रजी यायला हवे. अशा साधनांतील टीपा व भाष्य म्हणजे अभ्यासकांचे मत, धर्मवचन नव्हे, याचे भान ठेवावे.

खरेदीपूर्वी मार्कच्या शुभवर्तमानातील एखादा अध्याय दोन भाषांतरांत ताडून पाहावा. सोळा अध्यायांचे हे शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान आहे. जे भाषांतर पुढे वाचावेसे वाटेल ते नित्य वाचनासाठी घ्यावे. दुसरे पडताळ्यासाठी हाताशी असू द्यावे.