डब्लिनचा संप आणि कामगारांची जागतिक एकजूट

१९ जुलै १९८४ रोजी डब्लिनमधील ‘डन्स स्टोअर्स’ या दुकानात मेरी मॅनिंग या कॅशियर तरुणीने दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या ग्रेपफ्रूटचे बिल करायला नकार दिला. वर्णद्वेषी राजवटीचा माल हाताळायचा नाही, असा तिच्या युनियनचा निर्णय होता. मॅनिंगला निलंबित करताच तिचे काही सहकारीही काम सोडून बाहेर पडले.

बहुतेक तरुण मुलीच असलेल्या या संपकऱ्यांना सुरुवातीला वर्णद्वेषाची फारशी माहिती नव्हती. देश सोडावा लागलेले दक्षिण आफ्रिकी कामगार नेते निम्रोद सेजाके त्यांच्या निदर्शनांत सामील झाले आणि तिथले वास्तव त्यांनी समजावून सांगितले. १९८५मध्ये संपकरी दक्षिण आफ्रिकेला गेले, तेव्हा त्यांना विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले. अखेर १९८७मध्ये आयरिश सरकारने तिथल्या फळे-भाज्यांच्या आयातीवर बंदी घातली.

या लढ्याला जुनी परंपरा आहे. १९१३मध्ये डब्लिनच्या मालकांनी टाळेबंदी केली, तेव्हा जेम्स लार्किन आणि जेम्स कॉनली यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या कामगारांसाठी ब्रिटनमधील कामगारांनी जहाजाने अन्नधान्य पाठवले होते.

समाजवादी विचारात एकजूट म्हणजे दया नव्हे. एका देशात श्रम स्वस्तात लुटले गेले की दुसऱ्या देशातल्या श्रमिकाची ताकदही घटते, म्हणून दूरच्या कामगाराचा लढा आपलाच असतो. डब्लिनच्या त्या मुलींनी हे पगार गमावून सिद्ध केले.