हॉलंडचा जर्मन घरजावई

हेग : नेदरलँड्सच्या गादीच्या वारसाने कुणाशी लग्न करायचे, हा एकट्या राजघराण्याचा प्रश्न नसतो. त्यासाठी संसदेत रीतसर कायदा मंजूर व्हावा लागतो. तो डावलून लग्न केले तर गादीवरचा हक्क जातो. 1965 साली राजकन्या बेआट्रिक्स यांनी क्लाउस फॉन आम्सबेर्ग या जर्मन मुत्सद्द्याशी लग्न ठरवले, तेव्हा या कलमावरून देशभर रण माजले. 2026 हे या क्लाउस यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. आज इथे त्यांच्याविषयी वाईट बोलणारा माणूस शोधावा लागेल. म्हणूनच सुरुवात कशी झाली होती, ते सांगायला हवे.

युद्ध संपून जेमतेम वीस वर्षे झाली होती. पाच वर्षांच्या जर्मन अमलात इथल्या सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूंपैकी 1 लाखाहून अधिक मारले गेले. शेवटच्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या शहरांत लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले, हजारो भुकेने मेले. जाता जाता सैनिकांनी लोकांच्या सायकलीही पळवल्या. हे सगळे घराघरात ताजे होते, आणि जावई म्हणून येणारा माणूस तर हिटलरच्या युवा संघटनेत वाढलेला, 1945 मध्ये इटलीत जर्मन सैन्यात असलेला! इतिहासकार लू द योंग यांनी कागदपत्रे तपासून सांगितले, की या तरुणाच्या हातून युद्धात काहीही गैर घडलेले नाही. त्याने संसदेचे समाधान झाले, रस्त्याचे झाले नाही.

10 मार्च 1966 रोजी ॲमस्टरडॅममध्ये लग्न झाले. त्यासाठी निवडलेले वेस्टरकेर्क हे चर्च ॲन फ्रँक जिथे लपली होती त्या घराला अगदी लागून आहे. वरातीच्या वाटेवर ‘प्रोव्हो’ या बंडखोर तरुणांनी धुराचे बॉम्ब फोडले. गर्दीतून घोषणा उठत होत्या, त्यांतली एक होती, ‘माझी सायकल परत दे!’ जर्मनीशी फुटबॉलचा सामना असला, की हा टोमणा अजूनही कुणीतरी मारतोच.

पुढच्या वर्षी मुलगा झाला. या घराण्यात 116 वर्षांनी जन्मलेला हा पहिला पुरुष वारस. विरोध निवळला तो इथून, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. बाळाच्या कौतुकाने स्वीकार होतो. लोकांचा जीव जडायला आणखी काही लागते.

इथली राज्यपद्धती या बाबतीत चमत्कारिक आहे. राजाची बायको राणी म्हणवते, पण राणीचा नवरा राजा होत नाही. 1980 मध्ये बेआट्रिक्स गादीवर आल्या आणि क्लाउस प्रिन्सच राहिले. बालपणीची काही वर्षे टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, गेलेली. मुत्सद्दी म्हणून डॉमिनिकन रिपब्लिक आणि आयव्हरी कोस्टला राहिलेले. तिसऱ्या जगाच्या विकासाचा विषय त्यांना खराखुरा कळत होता. पण बोलावे तर राजकारण होते आणि न बोलावे तर फिती कापणे उरते. 1982 मध्ये ते गंभीर नैराश्याने आजारी पडले. राजवाड्याने ते लपवले नाही. त्या काळात मानसिक आजाराबद्दल सामान्य कुटुंबेही शेजाऱ्यांपाशी बोलत नसत. डच लोकांना हा माणूस आपला वाटला तो त्यामुळे, असे माझे मत. थाटामाटाचा कंटाळा असलेल्या या देशाला, राजेपणाच्या जाचाने खरोखर दमलेला एक माणूस राजवाड्यातच दिसला.

त्यांची विनोदबुद्धी मात्र शाबूत होती. पार्किन्सन्सने ग्रासले असतानाच, डिसेंबर 1998 मध्ये, आफ्रिकी फॅशनला दिलेल्या पुरस्काराच्या समारंभात त्यांनी मंडेलांच्या मोकळ्या गळ्याच्या शर्टांची वाखाणणी केली, टाय म्हणजे गळ्यातला साप आहे असे जाहीर केले आणि स्वतःचा टाय सोडून समोर बसलेल्या राणीच्या पायाशी टाकला. सभागृह हसत उठले. पुरस्कार त्यांच्याच नावाचा होता. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, 1996 मध्ये, स्थापन झालेला प्रिन्स क्लाउस फंड आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या कलावंतांना पाठबळ देतो. मुंबईत जन्मलेले चित्रकार भूपेन खक्कर आणि असमिया लेखिका इंदिरा गोस्वामी हे त्याचे मानकरी. हा पैसा राजवाड्याच्या नव्हे, तर त्यांच्या आवडीच्या दिशेने वाहतो, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

2002 च्या फेब्रुवारीत त्यांच्या मुलाचे लग्न झाले, तेव्हा जुनाच प्रश्न नव्या वेषात आला. सून माक्सिमा अर्जेंटिनाची, आणि तिचे वडील विडेलांच्या लष्करी राजवटीत शेतीखाते सांभाळलेले. संसदेने मुलीला संमती दिली. वडिलांना लग्नाला येता आले नाही. म्हणजे माणसाला त्याच्या कुळाच्या हिशेबातून सोडवणे हा देश क्लाउस यांच्यापासून अर्धेच शिकला. आज माक्सिमा राजघराण्यातल्या लोकप्रिय व्यक्तींपैकी आहेत, हे वेगळे.

त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला क्लाउस गेले. डेल्फ्टच्या नव्या चर्चमध्ये, राजघराण्याच्या तळघरात त्यांना ठेवले आहे. उट्रेख्टला एका देखण्या पुलाला त्यांचे नाव आहे. हेगच्या वेशीवर दोन महामार्ग छेदतात त्या मजली चौकालाही त्यांचेच नाव आहे, आणि वाहतुकीच्या बातम्यांत ते वरचेवर ऐकू येते, बहुतेक वेळा गाड्या तुंबल्या म्हणून.