गांजाचा खरा दोष किती ?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या आळेफाट्यावर रात्रंदिवस मालाची चढउतार चाललेली असते. माळशेज घाट चढून येणारी गाडी येथे थांबते, नाशिकची गाडी येथे थांबते, जुन्नर तालुक्याचा कांदा येथल्या बाजारात मोजला जातो. जेथे चार वाटांचे लोक एकत्र येतात तेथे चार वाटांची व्यसनेही येतात, हे सांगण्यास ज्योतिषी नको. दारूचे दुष्परिणाम आमच्या लोकांस पुरते ठाऊक आहेत; त्याविषयी मतभेद उरलेला नाही. गांजाची गोष्ट निराळी. त्याविषयी आमच्यात दोन पक्ष आहेत, आणि दोघांचाही आवाज मोठा व पुरावा थोडा आहे.

पहिला पक्ष म्हणतो की, गांजाचा एक झुरका घेतला की मनुष्य वेडा होतो आणि गुन्हेगारीस लागतो. तेव्हा ओढणाऱ्यास तुरुंगात घालावे म्हणजे प्रश्न मिटला. दुसरा पक्ष म्हणतो की, ही तर शंकराची बुटी. साधुबैरागी ती हजारो वर्षे ओढीत आले. कॅनडासारखी राष्ट्रेही आता ती उघड विकू देतात. मग आमच्याच पोरांस कसली मनाई? या दोन मतांच्या मध्ये ज्या घरातला अठरा वर्षांचा मुलगा रात्री उशिरा लाल डोळ्यांनी घरी येतो, त्या घरातल्या आईबापांस काय करावे हे कोणीच सांगत नाही. आमचा आजचा लेख त्यांच्याकरिता आहे.

हा वाद आजचा नव्हे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तो याच मुलखाच्या शेजारी, पिकासकट उभा होता. मुंबई इलाख्यात त्या काळी गांजाची लागवड मुख्यत्वे नगर जिल्ह्यात होत असे. आळेफाट्याहून नगरची हद्द काही दूर नाही. सरकार त्यावर कर घेई, दुकानांचे मक्ते देई आणि उत्पन्न तिजोरीत भरी. १८९३ च्या मार्च महिन्यात विलायतेच्या पार्लमेंटात या धंद्याविषयी प्रश्न निघाला, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी कमिशन नेमले. कमिशनात एतद्देशीय सभासदही होते. त्याने देशभर फिरून सुमारे १,२०० साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल सादर केला. या विषयावर इतकी विस्तृत चौकशी तोवर जगात कोठेही झालेली नव्हती.

परकीय सरकारच्या कमिशनाचे म्हणणे डोळे मिटून मान्य करावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. ज्या सरकारास गांजाच्या करातून पैसा मिळतो, त्याच्या कमिशनाने गांजा निर्दोष ठरवला तर वाचकांनी भुवया उंचावणे योग्यच आहे. परंतु त्या अहवालातील एक भाग असा आहे की तो कोणी लिहिला याने त्याचे वजन कमी होत नाही. कारण तो मताचा नसून पुराव्याच्या छाननीचा आहे. गांजाने माणसे वेडी होतात, या समजुतीस मुख्य आधार होता तो वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींचा. कमिशनाने त्या नोंदींचा उगम शोधला. रुग्णास पोलीस घेऊन येत. सोबतच्या कागदात वेडाच्या कारणाचा रकाना भरणे भाग असे. घरच्यांचा पत्ता नसे. आणि रुग्ण कधीकाळी चिलीम ओढी एवढे कोणी सांगितले की त्या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द पडे. वर्षाखेरीस अशा शब्दांची बेरीज होऊन ती शास्त्र म्हणून छापली जाई. १८९२ सालच्या अशा २२२ नोंदी कमिशनाने एकेक करून तपासल्या, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहूनही कमी टिकल्या.

ज्याने कोर्टात एक दिवसही काढला आहे त्यास यातील मर्म सांगावयास नको. ऐकीव पुरावा हा पुरावा नव्हे. आणि रकाना भरलेला आहे म्हणून कारण सिद्ध होत नाही. परंतु येथेच दुसऱ्या पक्षाने टाळ्या पिटू नयेत. टिकलेल्या नोंदी शून्य नव्हत्या. माफक सेवनाने मनास वा शरीरास विशेष अपाय होत नाही, परंतु अतिसेवनाने होतो, आणि ज्याच्या मनाची घडण मुळातच नाजूक आहे त्यास गांजा वेडापर्यंत नेऊ शकतो, असा कमिशनाचा निष्कर्ष होता. पूर्ण बंदी नको, पण लागवड परवान्याखाली आणावी, कर वाढवावा, दुकाने कमी करावीत, ही त्याची शिफारस होती. ‘गांजा निर्दोष आहे’ असे त्या अहवालाच्या नावावर सांगणाऱ्यांनी तो अर्धाच वाचला आहे.

त्यानंतर शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. गांजात कैफ आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी या नावाने ओळखले जाते. आता काय ठरले आहे ते सरळ सांगतो. एक, केवळ गांजाच्या मात्रेने निरोगी प्रौढ मनुष्य मरण पावणे अत्यंत विरळ आहे. दारूविषयी किंवा अफूच्या जातीच्या द्रव्यांविषयी असे म्हणता येत नाही. दोन, गांजाची सवय जडत नाही हे म्हणणे खोटे आहे. जे ओढून पाहतात त्यांपैकी सुमारे दहातल्या एकास तो सुटेनासा होतो, आणि पोरवयात आरंभ करणाऱ्यांत हे प्रमाण आणखी वाढते. सोडताना झोप उडते, भूक जाते, चिडचीड होते. तीन, स्मरण, लक्ष आणि वेळेचे भान यांवर त्याचा अंमल असेतो स्पष्ट परिणाम होतो. म्हणून गांजा ओढून गाडी हाकणे हा स्वतःच्या व परक्याच्या जिवाशी खेळ आहे. ज्या नाक्यावर रात्रभर मालगाड्या धावतात तेथील लोकांनी ही तिसरी गोष्ट विशेष ध्यानात धरावी.

चौथी गोष्ट वेडाची. स्वीडन देशात लष्करभरतीस आलेल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेऊन तेथील वैद्यांनी १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांनी पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचे प्रमाण, मुळीच न घेणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले. घरची स्थिती, आधीचा मानसिक त्रास इत्यादी कारणे हिशेबात घेतल्यावर तो फरक बराच खाली आला. परंतु पुसला गेला नाही. पुढील अनेक चौकशांतही संबंध दिसतच राहिला. गांजाने विकार होतो, की विकाराच्या उंबरठ्यावरचा मुलगा अस्वस्थ होऊन गांजाकडे वळतो, हा वाद अद्याप चालू आहे. बहुधा दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या आहेत. व्यवहारापुरता बोध मात्र स्पष्ट आहे : जितके वय कोवळे, जितके सेवन रोजचे, जितका माल तीव्र आणि घराण्यात मनोविकाराचा जितका इतिहास, तितका धोका मोठा. शेकडा बहुतेकांस वेड लागत नाही. पण ज्यास लागते त्याचे अवघे आयुष्य जाते.

आता हे सत्य असे मधले असताना टोकाची भीती घातली तर काय होते ते पाहा. शाळेत मुलास सांगितले की एका झुरक्याने वेड लागते. सोबत्याने झुरका घेतला. त्यास वेड लागले नाही. त्या क्षणी मास्तर, बाप आणि पोलीस हे तिघेही त्या मुलाच्या लेखी खोटे ठरतात; आणि मग सोळाव्या वर्षी रोज ओढू नको हे खरे सांगणाऱ्याचेही तो ऐकत नाही. खोट्या भीतीने व्यसन थांबत नाही. फक्त खऱ्या इशाऱ्याची किंमत नाहीशी होते. शंकराच्या नावाने केलेला बचावही तितकाच पोकळ आहे. ज्या आळे गावात ज्ञानेश्वर महाराजांच्या रेड्याची समाधी आहे, तेथल्या वारकऱ्यांस हे सांगावयास नको की या भूमीतील संतपरंपरेने गळ्यात माळ घालणाऱ्यास सर्व अमलांपासून दूर राहावयास शिकवले आहे. बैराग्याची चिलीम हा धर्म आणि माळकऱ्याचा नेम हा धर्म नव्हे, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे ?

कायद्याची स्थितीही लोकांस नीट ठाऊक नाही. १९८५ साली आपल्या लोकसभेने अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा केला. त्यात झाडाचे फुलोरे हा गांजा व राळ ती चरस. नुसती पाने व बी त्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’ आणि वीस किलोंपासून पुढे ‘व्यापारी’ प्रमाण धरतात. अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाणास किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. उसात किंवा मक्यात लपवून चार झाडे लावणाऱ्यासही दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आमच्या व्यापारी वाचकांनी कलम २५ अवश्य समजून घ्यावे : आपली वखार, खोली, आवार किंवा वाहन या कामी वापरले जात आहे हे ठाऊक असून जो वापरू देतो, त्यास मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. ‘माल माझा नव्हता’ हे उत्तर तेथे पुरत नाही.

परंतु त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, आणि त्याची माहिती शंभरात एकासही नसते. जो व्यसनी आहे आणि ज्याच्याकडे केवळ अल्प प्रमाण सापडले आहे, किंवा ज्यावर केवळ सेवनाचा आरोप आहे, तो स्वखुशीने सरकारी किंवा सरकारमान्य इस्पितळात उपचारास गेला आणि उपचार पुरा केला, तर त्यावर खटला चालत नाही. कलम ३९ अन्वये न्यायाधीशासही व्यसनी अपराध्यास शिक्षेऐवजी, त्याच्या संमतीने, उपचारास पाठवता येते. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी रोगी आणि सौदागर यांत भेद केलेला आहे. व्यवहारात तो भेद बुडतो, कारण गरीब मुलाच्या बापास हे कलम माहीत नसते व त्यास ते कोणी सांगत नाही.

या प्रश्नाचा आवाका किती तेही पाहू. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून करविलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. देशातील १० ते ७५ वर्षांच्या लोकांत सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी आदल्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतली होती. त्यांतही अधिक लोक भांगेचे होते. दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले. ज्या राज्यांस दारूच्या करावाचून अंदाजपत्रक जुळवता येत नाही, त्यांनी गांजाच्या चिलमीकडेच बोट दाखवून नीतीचा आव आणावा, हे हास्यास्पद आहे. अपायकारक पेये व द्रव्ये औषधावाचून वापरू न देण्याचा यत्न करावा, असे राज्यघटनेचे कलम ४७ दोहोंविषयी सांगते. १८९३ सालच्या सरकारास आम्ही तिजोरीसाठी विष विकणारे म्हटले, तर तोच न्याय स्वराज्यासही लावला पाहिजे.

परदेशांचे अनुकरण करू पाहणाऱ्यांसही एक सूचना करतो. कॅनडाने २०१८ साली, जर्मनीने २०२४ साली प्रौढांस मोकळीक दिली, हे खरे. पण अल्पवयीनांस नाही, आणि त्या देशांत उपचाराची सोय आमच्याहून पुष्कळ अधिक आहे. थायलंडने २०२२ साली बंधने सैल केली आणि २०२५ साली पुन्हा वैद्याच्या चिठ्ठीची अट घातली. संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजास अतिघातक द्रव्यांच्या यादीतून काढले, तेव्हा हिंदुस्थानने काढण्याच्या बाजूने मत दिले. परंतु त्याने तो निर्बंधमुक्त झाला नाही, औषधी संशोधनाची वाट मात्र मोकळी झाली. जगच अद्याप चाचपडत आहे. अशा वेळी आम्ही घाईने दार उघडू नये आणि घाईने मुलांस तुरुंगातही लोटू नये.

मग आळेफाट्याने काय करावे ? घाऊक सौदागरावर पोलिसांनी निर्दयपणे हात टाकावा. त्यात कोणाचे दुमत नाही. अठरा-वीस वर्षांचा मुलगा चिमूटभर मालासह सापडला तर त्याच्या बापास ठाण्यातच कलम ६४-अ समजावून सांगितले जावे; हे काम तालुक्यातील वकील मंडळींनी फीविना करण्याजोगे आहे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी मनोविकारतज्ज्ञ बसावा अशी मागणी बाजार समितीने, ग्रामपंचायतींनी व शाळांनी मिळून करावी. बाजाराच्या दिवशी बसल्यास उत्तमच, कारण त्या दिवशी शेतकरी मुलास घेऊन सहज येऊ शकतो. तोवर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा, असे सरकारी मदतीचे दोन फुकट दूरध्वनी क्रमांक प्रत्येक खाणावळीत व गाडीतळावर रंगवून ठेवावेत. शाळेत मात्र मास्तरांनी खरे तेच सांगावे : एका चिलमीने तू वेडा होणार नाहीस, पण या वयात रोज ओढशील तर कदाचित होशील, आणि होणाऱ्यांत तू असशील की नाही हे आधी कोणासच कळत नाही.

आईबापांस अखेर इतकेच सांगणे की, मुलाच्या खिशात चिलीम सापडली तर त्यास मारू नका व घराबाहेर काढू नका. घराबाहेर काढलेल्या मुलाकरिता अड्डा नेहमीच उघडा असतो. तो एकटा बोलू लागला, झोपेनासा झाला, कोणीतरी आपल्या मागे आहे असे म्हणू लागला, तर देवऋष्याकडे न नेता त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे. या विकारात उपचार जितका लवकर तितका गुण अधिक येतो. समाजाने या प्रश्नात भीतीही सोडावी आणि लाडही सोडावेत. विषाची जितकी मात्रा आहे तितकीच सांगावी, न कमी न अधिक. कारण खरे सांगणाऱ्याचेच तरुण अखेर ऐकतात.