मुंग्या घालवा, पण घरात विष आणू नका

मिरगाचा पहिला दमदार पाऊस पडला की वावरात पेरणीची घाई सुरू होते आणि घरात मुंग्यांची. काल रात्री झाकून ठेवलेला गुळाचा डबा सकाळी उघडावा तर आत काळी-तांबडी गर्दी. माठाच्या बुडाशी रांग, देवघरात रांग, लेकराच्या पाळण्याच्या दोरीवर रांग. मग घरातले कोणीतरी उठते, गोठ्याच्या कोपऱ्यात पऱ्हाटीच्या फवारणीतून उरलेली बाटली पडलेली असते ती आणते आणि भिंतीच्या कडेला शिंपडते. मुंग्या दोन दिवस दिसत नाहीत, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या भेगेतून निघतात. पण ते विष मात्र जमिनीवर, सारवणात, लेकरांच्या हाताला राहते. म्हणून आज या साध्या वाटणाऱ्या विषयावर जरा सविस्तर बोलू.

मुंग्या घरात येतात काहून?

आपल्या भागातली जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत, बांधावर, झाडाच्या बुडाशी मुंग्यांची वारुळे असतात. पाऊस आला की भेगा मिटतात, वारुळात पाणी शिरते आणि मुंग्या पिल्ले उचलून कोरडी जागा शोधायला निघतात. तोंडात धरलेले पांढरे दाणे म्हणजे अंडी असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ती अळ्या आणि कोष असतात, खरी अंडी त्याहून फार बारीक. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा त्याच मुंग्या गोडासाठी नाही तर ओलाव्यासाठी माठ-रांजणाकडे येतात.

आपल्याला दिसते ती रांग म्हणजे वारुळातला थोडासा भाग. अन्न शोधायला बाहेर पडणाऱ्या कामकरी मुंग्या थोड्या, बाकी सगळा पसारा आत. राणी आत बसून अंडी घालत राहते. रांग मारली तरी राणीला त्याचे काही नाही, ती नव्या कामकरी तयार करते. घरातल्या काही बारीक पिवळट मुंग्यांच्या वारुळात तर एकाहून अधिक राण्या असतात. त्यांच्यावर जोरदार फवारा मारला की वारूळ फुटून दोन-तीन ठिकाणी वसते. एका जागेचा त्रास मग तीन जागी होतो.

आधी ओळखा, मग उपाय करा

घरात फिरणाऱ्या बारीक पिवळट-तांबड्या मुंग्या गोड आणि तेलकट, दोन्ही खातात. वेड्यासारख्या इकडेतिकडे धावणाऱ्या काळ्या मुंग्या सहसा चावत नाहीत. आंगणात मातीचा भुगा काढणारी लाल मुंगी मात्र चावते आणि तिची आग तासभर राहते. मोठे काळे मुंगळे बहुधा जुन्या ओल्या लाकडात, मयालीत किंवा कवेलूंच्या खाली राहतात. मुंगळे दिसले तर लाकूड कुठे ओले होते आहे, कुठे गळते आहे, ते आधी पाहावे.

वाळवी, जिला आपल्याकडे उधई म्हणतात, ती मुंगी नव्हे. पावसानंतर दिव्याभोवती पंख असलेले किडे येतात तेव्हा एक हातात घेऊन पाहा. कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतील तर ती मुंगी. कंबर जाड, मिशा सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर ती उधई. उधईचा उपाय वेगळा असतो, मुंग्यांच्या उपायाने ती जात नाही.

घरातला उपाय: चार कामे, ओळीने

पहिले काम पुसण्याचे. मुंग्या चालताना जमिनीवर वासाची खूण सोडतात आणि मागच्या मुंग्या त्या वासावर चालतात. ती वाट साबणाच्या पाण्याने किंवा पाण्यात सिरका घालून खसखसून पुसा. वास गेला की रांग मोडते.

दुसरे काम अन्न तोडण्याचे. गूळ, साखर, शेवया, लेकरांची बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रात्री खरकटी भांडी तशीच ठेवू नका. फडताळाचे, पलंगाचे, पाळण्याच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आपल्या आज्जीची रीत आजही सर्वांत स्वस्त आणि बिनविषारी आहे. फक्त पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्यांऐवजी डास पोसाल.

तिसरे काम भेगा बुजवण्याचे, पण ते आमिषाच्या आधी करू नका. आधी वाट उघडी ठेवून आमिष वारुळात जाऊ द्यायचे, मुंग्या थांबल्या की मग पक्क्या भिंतीत सिमेंट किंवा पुट्टी, मातीच्या भिंतीत चुना घालून मळलेली माती भरायची.

चौथे आणि मुख्य काम आमिषाचे. औषधाच्या दुकानात बोरिक पावडर मिळते. एक पेला, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर, कोमट पाणी घ्या. त्यात चहाचे चार-पाच चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. कापसाचा बोळा त्यात भिजवून झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा. डबीला मुंगी जाईल एवढी भोके पाडा आणि ती रांगेजवळ ठेवा. मुंग्या गोडाला शिवत नसतील तर दहा चमचे शेंगदाण्याच्या कुटात अर्धा चमचा पावडर मिसळून पाहा.

इथे बरेच जण चुकतात. पावडर जास्त घातली की लवकर काम होईल असे वाटते. तसे होत नाही. आमिष कडक झाले तर मुंगी वाटेतच मरते किंवा तोंडच लावत नाही. ते सौम्य असेल तरच ती वारुळात नेऊन राणीला आणि पिल्लांना भरवते. पहिले एक-दोन दिवस रांग वाढलेली दिसेल. घाबरू नका, पुसू नका, फवारा मारू नका. आमिष दोन-तीन दिवसांनी ताजे करा. एक ते तीन आठवड्यांत फरक पडतो.

बोरिक पावडर शेतीच्या विषांपेक्षा सौम्य असली तरी ती खायची वस्तू नाही. डबीवर ठळक लिहा, लेकरे, कुत्री आणि कोंबड्या पोचणार नाहीत अशी ठेवा, काम झाल्यावर पुरून टाका. कॅरमची भुकटी बोरिकच असते असे समजून वापरू नका, पुडीवरचे नाव वाचा.

हळद, हिंग, कापूर, लवंग यांचा वास आहे तोवर मुंग्या दूर राहतात, मरत नाहीत. रवा खाऊन मुंगी फुगून मरते, ही नुसती ऐकीव गोष्ट. बाजारातल्या मुंग्यांच्या खडूत कीटकनाशक असते आणि लेकरू तो पाटीचा खडू समजून हातात घेते, म्हणून तो घरात नसलेलाच बरा.

आंगण, गोठा आणि वावर

आंगणातल्या लाल मुंग्यांच्या वारुळावर उकळते पाणी ओतणे हा जुना उपाय. सकाळी गारव्याला मुंग्या वर असतात तेव्हा आधी काडीने भोक मोकळे करा आणि मग भांडेभर पाणी एकदम ओता. एका वेळेत सगळे वारूळ मरत नाही, तीन-चार दिवसांनी पुन्हा करा. झाडाच्या मुळाशी हा उपाय करू नका आणि लेकरांना लांब ठेवा. गोठ्यात नुकत्याच झालेल्या वासराच्या बेंबीला आणि खुडूक कोंबडीखालच्या फुटत्या अंड्यांना मुंग्या लागतात. तिथे जागा कोरडी व स्वच्छ ठेवावी, कोंबडीची टोपली पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावी.

मिरची-वांग्याच्या रोपवाटिकेत मुंग्या बी उचलून नेतात. बी उघडे टाकू नका, बारीक मातीने झाका, वर गवताचे पातळ आच्छादन द्या. वाफ्याच्या कडेने राखेची रेघ चालते, पण राख कोरडी आहे तोवरच.

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. झाडावर मुंग्यांची चढ-उतार वाढली की वर मावा, पिठ्या ढेकूण किंवा काळी माशी आहे का ते पाहा. या किडी चिकट गोड रस सोडतात. त्या रसासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या मित्रकिडींना हाकलतात. त्याच रसावर काळी बुरशी वाढते, तिलाच आपण कोळशी म्हणतो. पऱ्हाटीवर २००७-०८ च्या सुमारास पिठ्या ढेकणाचा उपद्रव झाला तेव्हाही बांधावरच्या गाजरगवतावरून ढेकूण पसरवायला मुंग्यांचा हातभार होता. अशा वेळी जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, बुडाचे तण काढा. खोडाला जाड कागद गुंडाळून त्या कागदावर ग्रीस लावा, सालीला थेट लावू नका. किडीबद्दल नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा.

पण वावरातली प्रत्येक मुंगी वैरी नाही. मुंग्या उधई खातात, अळ्यांची अंडी खातात, जमीन भुसभुशीत करतात. चीनमध्ये सुमारे १७०० वर्षांपूर्वी संत्र्याच्या बागेत किडी मारण्यासाठी झाडावर घरटे करणाऱ्या लाल मुंग्या विकत आणून सोडत, अशी लेखी नोंद आहे. म्हणून घरापासून दूर असलेल्या बांधावरच्या वारुळाला हात लावायचे कारण नाही. वारुळावर चिमूटभर पीठ-साखर घालायची ज्यांच्या घरी रीत आहे, त्यांनी ती खुशाल पाळावी, फक्त घराच्या पायथ्याशी घालू नये.

विषाची बाटली घरापासून लांब

आता मुख्य सांगणे. पूर्वी गॅमेक्सिन म्हणून मिळणारी बीएचसी पावडर घराघरांत मुंग्यांसाठी टाकत. तिच्यावर १९९७ साली बंदी आली. थिमेट म्हणून ओळखले जाणारे दाणेदार फोरेट आणि घरात फवारले जाणारे डायक्लोरव्हॉस, या दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुना साठा कोणाच्या कोठीत पडला असेल तर तो मुंग्यांसाठी वापरू नका. नाल्यात ओतू नका, जाळू नका. कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांना विचारून त्याची विल्हेवाट लावा.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. जे औषध उघड्या वावरात माणसाला भारी पडते, ते बंद खोलीत सारवणावर टाकल्यावर काय करील? बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतल्या दुपारच्या जेवणाने २३ लेकरे गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक मिसळले गेले होते.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी, मुख्याध्यापक आणि अंगणवाडी सेविका यांना विनंती. शाळेच्या व अंगणवाडीच्या धान्याच्या खोलीत मुंग्यांसाठी कोणतीही पावडर टाकू देऊ नका. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा. खोली आठवड्याला झाडून साबणाच्या पाण्याने पुसा. औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल, मीठ, पाणी भरले जात नाही ना, हे स्वतः पाहा. ग्रामसभेत हा विषय एकदा घ्यायला हरकत नाही.

चुकून कोणाच्या पोटात विष गेलेच तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने धुवा. १०८ वर फोन करा आणि दवाखान्यात जाताना ती बाटली किंवा तिचा कागद सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. मुंगी चावून अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तरी वेळ न घालवता दवाखाना गाठा.

यंदा पाऊस पडून मुंग्या निघाल्या की बोरिकची डबी ठेवा आणि पंधरा दिवस धीर धरा. गोठ्यातल्या त्या बाटलीला मात्र आजच कुलूप लावा.