डायनोसॉरांचे भारतातील जीवाश्म
मध्यजीव महाकल्पात (सु. २५.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात) भूचर पृष्ठवंशी प्राण्यांत प्रबळ ठरलेल्या डायनोसॉर या सरीसृपांचे भारतात आढळणारे शिळाभूत अवशेष. यांत अस्थी व दात यांबरोबरच अंडी, घरटी व विष्ठा यांचाही समावेश होतो. मेलेले बहुतेक प्राणी कुजून नष्ट होतात. एखादे शव नदीच्या किंवा सरोवराच्या गाळात लवकर गाडले गेले, तरच त्याची हाडे टिकण्याचा संभव असतो. पुढे भूजलातील खनिजे हाडांच्या छिद्रांत साचून ती दगडासारखी जड होतात. साहजिकच असे जीवाश्म गाळाच्या खडकांत मिळतात, लाव्ह्यापासून बनलेल्या कातळात नव्हे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग कातळाने व्यापलेला असूनही डायनोसॉर मुख्यतः विदर्भात का सापडतात, याचा उलगडा यावरून होतो.

भारतातील बरेचसे डायनोसॉर लॅमेटा थरांत मिळालेले आहेत. जबलपूरजवळील नर्मदेच्या लॅमेटा घाटावरून हे नाव पडले. क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस साचलेले हे थर बऱ्याच ठिकाणी दक्षिण ट्रॅपच्या लाव्ह्याखाली झाकले गेले व त्यामुळे झिजेपासून बचावले. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध असलेले विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूर येथे शेपटीचे मणके सापडले. रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस ही जाती स्थापिली. पुढून खोलगट व मागून फुगीर असा मणक्यांचा आकार हे तिचे वैशिष्ट्य मानले गेले. परंतु तसेच मणके पुढे इतर अनेक प्रजातींत आढळल्याने ही जाती वेगळी मानण्यास आधार उरला नाही, असे मत २००३ मध्ये मांडण्यात आले. मूळ मणके दरम्यान गहाळ झाले होते. त्यांपैकी एक २०१२ मध्ये कोलकाता येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहात पुन्हा मिळाला. लॅमेटासॉरसची कथाही अशीच बोधक आहे. चार्ल्स मॅटली यांनी चिलखती डायनोसॉर म्हणून वर्णिलेला हा प्राणी निरनिराळ्या प्राण्यांच्या एकत्र सापडलेल्या अवशेषांवरून कल्पिला गेला होता, असे पुढील अभ्यासात दिसून आले. हाडे जवळजवळ पडलेली असली, तरी ती एकाच प्राण्याची असतीलच असे नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे मिळालेला सांगाडा मात्र बराच भरवशाचा आहे. १९९७ मध्ये वर्णिलेल्या या शाकाहारी डायनोसॉरास २००३ पासून भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून इसिसॉरस म्हणतात. त्याच जिल्ह्यातील पिसदुरा हे ठिकाण हाडांइतकेच शिळाभूत विष्ठेसाठी प्रसिद्ध आहे. वनस्पतींच्या पेशींत साचणारे सिलिकेचे सूक्ष्म कण या विष्ठेत आढळले व त्यांपैकी काही गवताचे असल्याचे २००५ मध्ये सिद्ध झाले. गवताचा प्रसार डायनोसॉरांनंतरचा असल्याची समजूत त्यामुळे सोडावी लागली. विष्ठा टायटॅनोसॉरांची असावी, हे मात्र सोबतच्या हाडांवरून केलेले अनुमान आहे.

अंडी नर्मदेच्या खोऱ्यात व गुजरातेत विपुल आहेत. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात ९२ घरटी व २५६ अंडी मिळाल्याची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. वाटोळा दगड दिसला की अंडे मानण्याचा मोह नवशिक्यास होतो. पण कवचाचा थर व त्यातील सूक्ष्म रचना दिसल्याखेरीज तसे म्हणता येत नाही. गुजरातेतील धोली डुंगरी येथील एका घरट्याचे वर्णन धनंजय मोहबे यांनी १९८७ मध्ये केले. त्यातील सर्व हाडे त्या वेळी पिल्लाची समजली गेली. त्यांतील काही मणके सापाचे असल्याचे नंतर लक्षात आले आणि फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सु. ३.५ मी. लांबीचा हा साप २०१० मध्ये सनाजेह इंडिकस या नावाने प्रसिद्ध झाला. दगड तोच होता, वाचन बदलले.

बालासिनोरजवळील रैयोली (गुजरात) येथे अंडी जागच्या जागी पाहता येतात. राजासॉरस या मांसाहारी डायनोसॉराची हाडेही तेथलीच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत याहून खूप प्राचीन, जुरासिक कल्पातील बारापासॉरसचा सांगाडा उभारलेला आहे. गोदावरीच्या खोऱ्यात मिळालेली त्याची सु. ३०० हाडे निदान सहा प्राण्यांची आहेत.