मतं किती, त्याहून वाटणी कशी

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी दोन्ही मोठ्या पक्षांत आधी प्रायमरी निवडणुका होतात. त्यांतल्या मतांवरून पक्षाच्या अधिवेशनात जाणारे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, वाटले जातात. निम्म्याहून जास्त डेलिगेट ज्याच्याकडे, त्याला उमेदवारी. साहजिकच, मतांचे डेलिगेट कोणत्या नियमाने होतात याला फार महत्त्व असतं.

रिपब्लिकन पक्षात हा नियम राज्यागणिक बदलतो. २०१६ मध्ये साउथ कॅरोलिनात डोनाल्ड ट्रम्प यांना एक तृतीयांशाहूनही थोडी कमी मतं मिळाली, तरी तिथले सगळे ५० डेलिगेट त्यांच्याच पदरात पडले. उरलेली मतं पाच जणांत विखुरली होती. अशा नियमात आघाडीवरचा उमेदवार झपाट्याने पुढे निघून जातो.

डेमोक्रॅटिक पक्षात वाटणी मतांच्या प्रमाणात होते. मात्र वाटा मिळायला किमान १५ टक्के मतं लागतात. इथे नुसतं जिंकून भागत नाही, किती फरकाने जिंकलं तेही पाहावं लागतं. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सीत ५९ विरुद्ध ४८ अशी ११ डेलिगेटची आघाडी मिळवली. त्याच दिवशी बराक ओबामा यांनी छोट्याशा आयडाहोत १५ विरुद्ध ३ अशी १२ ची आघाडी घेतली. मोठ्या राज्यातली कमाई छोट्या राज्याने पुसून टाकली!

प्रमाणशीर वाटणीत हरणाऱ्यालाही काही ना काही मिळत राहतं, म्हणून शर्यत लांबते. पण एकदा मागे पडलं, की अंतर कापणंही तितकंच अवघड होऊन बसतं.